आपलं की परकं

कपडे बदलायच्या खोलीत रेश्मा तडवीने अंबाडा वर धरला आणि मान झुकवली. "बघ गं. वांगं कसंय आज? आपलं की परकं?"

योगिता बऱ्हाटेने तिच्या कानामागची नखाएवढी पट्टी पाहिली. "आपलं. भरताचं, हिरवंगार."

खानदेशातल्या त्या रुग्णालयात साथीच्या दुसऱ्या वर्षी सगळ्याच परिचारिका असं बोलत. हिरवी पट्टी म्हणजे आपल्याकडचं भरताचं हिरवं वांगं, प्रकृती ठीक. जांभळी म्हणजे बाहेरचं जांभळं वांगं, परकं. मग थेट विलगीकरण. त्वचेखालच्या द्रवातली दाहाची प्रथिने ती पट्टी मोजायची आणि ताप चढायच्या दोन दिवस आधी रंग बदलायची. औषध लागू पडायचं तेही फक्त त्याच दोन दिवसांत.

पट्टीत एक खोट होती. माणूस सतत धास्तावलेला असला, तरी तीच प्रथिने वाढत. आधी ती मनगटावर असे, तेव्हा बायका घडोघडी तिच्याकडे बघत आणि बघून बघूनच ती जांभळी होई. म्हणून ती कानामागे गेली. स्वतःची स्वतःला दिसायची नाही. जोडीदारणीने बघून सांगायची.

रेश्माची पट्टी दोनदा नुसत्या भीतीने जांभळी झाली होती. दोन्ही वेळा विलगीकरणात ती एकटी श्वास मोजत बसली आणि तपासणीत काहीच निघालं नाही. परत आली ती हात सोलवटेपर्यंत धुणारी, डबा न उघडणारी रेश्मा.

एका सोमवारी पट्टीची कड पुन्हा जांभळी दिसली.

"गप्प का गं? माझं भरीत करायचा विचार आहे की काय?" रेश्मा हसली, पण अंबाडा तिने मुठीत घट्ट आवळला.

भीतीच असणार, योगिताला वाटलं. पुन्हा त्या खोलीत पाठवलं, तर ही मोडेल.

"आपलंच आहे."

"शप्पथ?"

"शप्पथ."

रेश्माचे खांदे सैल पडले. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी तिने डबा संपवला; योगिताच्या डब्यातली चटणीही पळवली. बुधवारी तिला ताप चढला.

पुढच्या आठवड्यात योगिता तिच्या खाटेशी उभी होती. रेश्माने प्राणवायूचा मास्क जरा बाजूला केला. "परकं होतं ना?"

योगिताने मान खाली घातली.

"रडू नको, वेडे. चष्म्यावर वाफ धरेल. मीपण सांगितलंय तुला तसंच खोटं. होळीच्या आधी. तुझं नुसतं भ्यालेलं निघालं, एवढंच."

"आणि नसतं निघालं तर?"

रेश्माने मास्क तोंडावर ओढून घेतला. योगिताने मास्क पुन्हा नीट बसवला.

रेश्मा गेली. तिच्या जागी शर्वरी आली; वांग्याचा विनोद तिने पहिल्याच दिवशी उचलला. आज तिने योगिताचे केस बाजूला केले. तिची बोटं क्षणभर थांबली.

"आपलंच आहे, ताई."

योगिताचा घसा सकाळपासून खवखवत होता. पण रेश्मा गेल्यापासून तो रोजच खवखवत असे. यातला आजार कुठला आणि दुःख कुठलं, हे पट्टीलाही सांगता आलं नसतं.

तिने वळून शर्वरीकडे पाहिलं. पोरीने नजर पटकन हातमोज्यांकडे वळवली.

हिला शपथ घालावी, की आपण रेश्माला दिली तीच माया आता निमूट पदरात घ्यावी?