कल्लप्पा पैलवानाची बातमी

शांतम्माने ‘भुईकोट’ साप्ताहिकाचा अंक गुरप्पा मैंदर्गींच्या टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

“घरातलंच कुणीतरी पेपरवाल्याला सांगितलंय की. धाकट्या दिराचा, चनबसप्पाचा संशय आला म्हणून आमी त्याला घराबाहेर काढलंय. ज्यानं सांगितलं त्यानं खोटं होतं म्हणून कबूल केलं, तर हुकूम फिरेल.”

हुकूम मॅजिस्ट्रेटचा होता. बातमी छापून आली, पेठेतल्या लोकांनी अर्ज केला, डॉक्टरने दाखला दिला. आज दुपारच्या गाडीने तिच्या नवऱ्याला, कल्लप्पाला, वेड्यांच्या इस्पितळात नेणार होते.

गुरप्पा भवानी पेठेतले खासगी तपासनीस. त्यांचा सोबती कोंडीबा गिरणीतून निवृत्त झालेला. त्याला कानडी येत नाही म्हणून शांतम्मा मराठीत बोलत होती. ही बातमी कोंडीबाने गुरुवारी पारावर चारचौघांत हसत वाचली होती. आता मोठ्याने वाचताना त्याचा आवाज खाली गेला.

‘कल्लप्पा पैलवानास वेड! वळसंगच्या फडात गडी चीत केला तेव्हा हलग्या ऐकूच आल्या नाहीत म्हणतो. तळे रिकामे झाले असे बरळतो. वास्तविक गावचे तळे काठोकाठ भरले आहे. माढ्याची कुस्ती रद्द.’

“तळ्याबद्दल ते घरी काय बोलले?” गुरप्पांनी विचारलं.

“तळ्याचं नावच काढलं नाही कधी. डोकं रिकामं झालंय, एवढंच म्हणतात. दीड महिना घास उतरत नाही. पहाटे उठून भिंतीकडं बघत बसतात. मी भस्म लावलं, दृष्ट काढली.”

“एकटे बाहेर गेले होते?”

“सोमवारी तेवढं. देवळात गेले असतील म्हटलं.”

चनबसप्पा मामाच्या दुकानात सापडला. सुताचा दलाल, मराठी अगदी सफाईदार. “सोमवारी मी अक्कलकोटला बाजारात होतो. आणि हलग्यांचं मी या छापील कागदातच वाचलं.”

तालमीत वस्ताद महिपती माती उकरत होते. “मी कशाला सांगू? माढ्याची कुस्ती मोडली, नुकसान माजंच हाय. हलग्यांचं त्यानं मला सांगितलंच न्हाय. सांगणार कसा? त्याला मराठी धड येत न्हाय, मला कानडी. आमचं समदं हाताच्या खुणंवर.”

“मग राहिलं कोण?” बाहेर पडल्यावर कोंडीबा म्हणाला. “शांतम्माच?”

गुरप्पांनी सगळ्यांना ‘भुईकोट’च्या छापखान्यात बोलावलं. संपादक देवस्थळी पुण्याहून आलेले, चष्म्याआडून बघणारे.

“बातमी देणाऱ्याचं नाव मी सांगत नसतो,” ते म्हणाले.

“नका सांगू. कानडीत डोक्याला ‘तले’ म्हणतात, साहेब. ‘तले खाली आग्यद’ म्हणजे डोकं रिकामं झालंय. तुम्ही तळे ऐकलंत. चनबसप्पा किंवा शांतम्मा सांगायला आली असती, तर मराठीत डोकंच म्हणाली असती. वस्तादांना तर कानडी येतच नाही. म्हणजे सांगणारा असा, की ज्याला मनातलं सांगताना मराठी शब्द पुरले नाहीत.”

कोंडीबा अंकातली ती ओळ पुन्हा वाचू लागला.

“दुसरं, हलग्या. फडात त्या ऐकू आल्या नाहीत हे ज्याचे कान होते त्यालाच ठाऊक. त्यानं ते घरी सांगितलं नाही, तालमीत नाही. सोमवारी कल्लप्पा स्वतः इथं आला होता.”

देवस्थळींनी चष्मा काढला. “मागे फोटो छापला तेव्हा मीच म्हटलं होतं, काही लागलं तर या. तो आला आणि ‘मी आजारी आहे, माढ्याला लढणार नाही, एवढं छापा’ म्हणाला.”

“मग वेड का छापलंत?”

“पैलवान आजारी पडला, हे वाचतं कोण?”

‘तळे’ ही ऐकण्यातली चूक होती, असा चार ओळींचा खुलासा लिहून द्यायला देवस्थळी तयार झाले. गुरप्पा तो घेऊन डॉक्टरकडे गेले. दाखल्यात भ्रमाचा पुरावा म्हणून एकच गोष्ट लिहिली होती: तळे रिकामे दिसते. डॉक्टरने खुलासा वाचला, घडी घालून परत दिला. हुकूम झालेला आहे, आता इस्पितळातच काय ते ठरेल, म्हणाला.

स्टेशनवर ही गर्दी. दोन शिपायांच्या मधे कल्लप्पा मान खाली घालून चालला होता. शांतम्मा त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलली. तो चालत राहिला. कोंडीबाने पाहिलं, गर्दीत पारावरचे त्याचेच सोबती टाचा उंचावून उभे होते. त्याने त्यांना जा म्हणून सांगितलं. कोणी हललं नाही.

तिसऱ्या महिन्यात इस्पितळाचं पत्र आलं. अन्न घेत नव्हता, वारला. कोंडीबा कळल्याबरोबर गेला तेव्हा घराचं दार आतून लावलेलं होतं. चनबसप्पाने फटीएवढं उघडलं. आत बायका तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या.

“मोठ्यानं रडू देत नाही वहिनी,” तो हळू म्हणाला. “बाहेर ऐकू जाईल, मग पेपरात येईल, म्हणते.”