एकाच हाताचा काढा

“घे वो सुलोचना, बांध पदरात! आन घरी पोचतपर्यंत कोनाशी बोलू नको, नाहीतर औषधाचा गुन जाते…”

ओसरीवर बसलेल्या पुष्पाबाईंनी कडूमुळीचा वीतभर तुकडा शेजारच्या सुलोचनाबाईच्या पदरात टाकला, आणि आत चुलीपाशी भात वेळणाऱ्या मंजूच्या काळजात चर्र झालं. सुलोचनाबाईचा दुर्गेश काविळीने अंथरुणाला खिळला होता. त्याच्यासाठी ती मुळी! त्याच मुळीने या घरातला कर्ता पुरुष नेला होता, आणि हे या घरात एकट्या मंजूला ठाऊक होतं!

“आन आमच्या सुनेले काही इचारू नको,” पुष्पाबाईंनी मुद्दाम आवाज चढवला. “माझ्या उमेंद्रचा काढा इनंच मोरीत ओतला. पोरगा गेला माझा… अन् ही पाहा, कशी धडधाकट उभी हाये!”

मंजूने ओठ दाताखाली धरला. उमेंद्र गेल्यापासून हेच ऐकत होती ती बिचारी! सासूने ओसरीत वेगळी चूल मांडली होती. सुनेच्या हातचं पाणीसुद्धा त्या घेत नसत. नवरा गेल्याचं दुःख करायलाही मंजूला कधी मोकळीक मिळाली नाही, कारण रडली की पुष्पाबाई म्हणत, “आता कायले रडून राहिली? तवा हात थरथरला नाही तुझा!” आणि मंजू डोळे पुसून कामाला लागे.

झालं होतं ते असं. धाकटा दीर कुशल नागपूरला औषधांवर संशोधन करत होता. सालेकशाच्या जंगलातल्या कडूमुळीत यकृताला बरं करणारा एक अंश त्याला सापडला, आणि पेपरात त्याचा फोटो छापून आला. पुष्पाबाईंनी तो फोटो देवाशेजारी चिकटवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, साऱ्या गावाला बोलावून दाखवला. आईच ती! आणि दैव बघा, त्याच वर्षी थोरल्या उमेंद्रला कावीळ झाली. मग काय विचारता! “माझ्या एका लेकानं औषध काढलं, दुसऱ्या लेकाले ते देवानंच धाडलं,” असं म्हणत म्हातारी स्वतः जंगलात गेली. तिच्या माहेरची रीत मोठी कडक. ज्या हाताने मुळी खणली त्याच हाताने ती उकळायची, त्याच हाताने पाजायची, आणि कुणापाशी तिचं नाव काढायचं नाही. मुळी टिनाच्या पेटीत कुलपात, आणि चावी कमरेला! डॉक्टरांनी विचारलं, “काही जडीबुटी तर देत नाही ना?” तेव्हा नाव काढलं तर गुण जाईल म्हणून पुष्पाबाई साफ नाही म्हणाल्या. सासूपुढे मंजू काय बोलणार? शिवाय दिराचंच तर औषध… तिलाही धीर वाटत होता.

पण उमेंद्रचं पोट फुगत गेलं, जीभ जड झाली, तेव्हा मंजूने घाबरून कुशलला फोन लावला. काढ्याचं ऐकताच तो किंचाळला होता.

“कच्ची मुळी? वहिनी, बंद करा आधी! आम्ही त्यातला फक्त एक अंश वेगळा काढतो. त्याला चरबीचं बारीक कवच घालतो, म्हणजे तो नेमका दुखऱ्या जागीच उतरतो. तेही अजून उंदरांवरच चाललंय! कच्च्या मुळीत बाकी जे आहे ना, ते यकृत जाळतं, वहिनी… जाळतं!”

मंजूने उरलेला काढा मोरीत ओतला. पुष्पाबाईंनी नेमकं तेवढंच पाहिलं. आणि आठवडा उलटायच्या आत उमेंद्र गेला.

तिसऱ्याच्या दिवशी कुशल आईला सगळं सांगायला निघाला, तेव्हा मंजूने त्याचा हात धरला होता. “भाऊजी, माझी शपथ हाये तुमाले! आपल्याच हातानं लेकराले जहर पाजलं, हे कळलं तर त्या जगतील का? मले बोल लावू द्या त्याहीले. माझं काय, मी सोसीन…” कुशल तिच्या पायावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला होता. तेव्हापासून तो घरी आला की आईच्या डोळ्याला डोळा देत नसे, आणि आईने कडूमुळीचं कौतुक सुरू केलं की ताटावरून उठून जाई.

आणि आज? आज सुलोचनाबाई उंबरठा ओलांडत होती! बोलावं तर सासूचं काळीज फाटतं, गप्प राहावं तर दुसऱ्या आईचं लेकरू जातं… देवा, इकडे आड तिकडे विहीर! काय करावं एका बाईने?

“सुलोचनाताई, थांबा!”

मंजू धावली. तिने सुलोचनाबाईच्या पदरातून मुळी हिसकावली आणि ओसरीतल्या पेटत्या चुलीत फेकून दिली.

“अवं, काऊन जाळली वो?” सुलोचनाबाई ओरडली.

पुष्पाबाई उठल्या. “एक जीव घेतला, पोट भरलं नाही का तुझं? आता दुसऱ्याच्या लेकरावर उठली?”

“हो! घेतला मी जीव!” मंजूच्या तोंडून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर तिने मागे पाहिलं नाही. “तुमच्या हातचा काढा चांगलाच होता, आत्याबाई. मीच लोभी! लवकर बरं वाटावं म्हणून सांजेले तुमी देवळात गेल्या की मी अजून एकडाव उकळून पाजत होती. जास्त झाला तो! जास्त झाली का जहर हाये ही मुळी. मी मारलं त्याहीले, मी! ताई, पाया पडतो तुमच्या, दुर्गेशले आत्ताच्या आत्ता गोंदियाले मोठ्या दवाखान्यात न्या…”

“अगं माय!” म्हणत सुलोचनाबाई पदर सावरत घराकडे पळत सुटली.

पुष्पाबाईंनी सुनेवर हात उगारला. मंजू डोळे मिटून उभी राहिली. पण तो हात खाली आलाच नाही. तो हळूहळू कमरेकडे गेला आणि चावीवर थांबला.

“मुळी कुठून आनली होती तू?”

“पेटीतून…”

“पेटीले कुलूप होतं. आंघोळीलेबी चाबी काढली नाही मी.”

“जंगलातून आनली…”

“तुले ओळखू येते का कडूमुळी?” म्हातारीचा आवाज खोल खोल जात होता. “माझ्याशिवाय कोनाचा हातच लागला नाही तिले. मंजू… कोनाचाच नाही…”

एवढं मोठं गुपित जपलं, एवढं सोसलं, आणि शेवटी तिच्या खोट्यानेच दगा दिला! मंजू नुसती रडत राहिली. पुष्पाबाईंनी देवाशेजारच्या फोटोकडे पाहिलं. ताटावरून उठून जाणारा कुशल त्यांना आठवला असावा.

“कुशललेबी ठाऊक हाये?”

मंजूने पदरात तोंड लपवलं. पुष्पाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. ओसरीतल्या त्यांच्या चुलीत मुळी जळून गेली, मग चूलही विझली, तरी त्या तशाच बसून होत्या. उन्हं पार अंगणाबाहेर गेली. मग त्या उठल्या, आत आल्या आणि मंजूच्या चुलीपुढे मांडी घालून बसल्या.

“वाढ मले.”

मंजूने भात वाढला, वर वरण घातलं. पुष्पाबाईंनी घास केला, पण तो तोंडापर्यंत जाईना. त्यांनी सुनेकडे पाहिलं. एवढी दीनवाणी नजर मंजूने त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

“मंजू… अजून एकडाव सांग ना वो… तूच पाजला होता म्हनून…”

मंजूने सासूला कवटाळलं. “हो, माय… मीच पाजला होता… मीच…”

“हव…” म्हातारी म्हणाली, आणि हातातला घास सुनेच्या तोंडाशी नेला. “आधी तू जेव. केव्हाची उपाशी हायेस.”