कच्चा घडा

घडा नाहीसा झाला तेव्हा वर्गात चार माणसं होती. चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि दाराला आतून कडी होती.

"म्हणजे पाहणारं कोणीच नव्हतं," मावशी म्हणाल्या.

"खेळच तसा होता," ताई म्हणाली. तिच्या कोपरापर्यंतचा चिखल वाळून तडकला होता, पण हात धुवायचं तिला सुचलं नव्हतं.

मावशी खाजगी तपासाची कामं घेत. ज्यांना चव्हाट्यावर जायचं नसतं असे लोक त्यांच्याकडे येत. बरोबर मास्तर असत. शेजारी, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मास्तरांना नकाशावरची नदी चटकन सापडे, समोरचा माणूस जरा उशिरा.

वाचनालयाच्या तळघरात ताई मातीकामाचा वर्ग चालवत असे. शिकायला येणारे सगळे दिवसभर दुसरंच काहीतरी करून दमलेले, म्हणून ती दर आठवड्याला एक खेळ ठेवी. कधी एका हातानं वाडगा करायचा. कधी दोघांनी एकेक हात द्यायचा आणि एकच भांडं उभं करायचं. आज डोळे बांधून वाडगा करायचा होता. कोणी मध्येच दार उघडून रसभंग करू नये म्हणून तिनं कडी घातली. कडी गंजलेली होती, ओढली की किंचाळायची.

"पट्ट्या सोडल्या, वाडगे बघून हसलो आणि मी साठवणीच्या खोलीत गेले. फळी रिकामी होती. दाराची कडी तशीच. खिडक्यांना गज. सगळ्यांनी आपणहून पिशव्या उलट्या करून दाखवल्या. फळ्या, भट्टी, टेबलांच्या खाली, सगळं पाहिलं."

"काही फुटल्याचा आवाज?"

"नाही. चाकांची घरघर होती, पण घडा फुटला असता तर कळलंच असतं."

"आणि घडा केवढा?"

"कळशीएवढा. गळा अरुंद, कसाबसा हात जाईल एवढा." ताईनं हातांनी आकार दाखवला आणि हात तसेच हवेत राहिले. "बाबांचा शेवटचा. चाकावरून उतरवला आणि थोड्याच दिवसांत ते गेले. कच्चाच राहिला. भट्टीत तडकला तर, या धास्तीनं इतकी वर्षं मी तो भाजला नाही. आता म्हटलं, पुरे झालं. पुढच्या आठवड्यात भाजणार होते."

"हे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"मागच्या वर्गात मीच सांगितलं. पुढचा खेळसुद्धा सांगून टाकला. डोळे बांधून भांड्यात हात घालायचा आणि ते कोणाच्या हातचं ते ओळखायचं. शेवटचं भांडं बाबांचं. त्यात मीही कधी हात घातला नव्हता. कच्चं कोरडं भांडं, नुसता धक्का लागला तरी संपलं. म्हटलं, भाजण्याआधी एकदा त्यांचा हात हाताला लागू दे."

टेबलावर पेन्सिली ठेवलेला एक छोटा तांबडा गडू होता. मावशींनी पेन्सिली काढून आत बोट फिरवलं.

"हाही त्यांचाच?"

"हो. तांबडी माती फक्त तेच वापरायचे, नदीकाठावरून आणून. वर्गात आम्ही तयार करडी माती घेतो."

"आतल्या रेघा उलट्या चढतात असं वाटतं."

"बाबा डावखुरे होते," ताई पहिल्यांदा किंचित हसली. "त्यांचं चाक सगळ्या जगाच्या उलट फिरायचं."

तिघं खेळाडू अजून बसून होते. मास्तर त्यांच्या वाडग्यांकडे वळले. पहिला वाडगा एका कुशीवर कलंडलेला होता. मास्तरांनी काठाला बोट लावलं आणि बोट आत रुतलं.

"अहो, माझा एकुलता एक वाडगा तो," शिंपीकाका म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान होतं.

मास्तर ओशाळले. दुसऱ्या वाडग्याला त्यांनी हात लावायचं टाळलं. तो चिखलात बुडालेला होता आणि चाकाला घट्ट चिकटलेला. तिसरा मात्र देखणा होता, काठ सारखा, रंग जरा फिकट. राहवलं नाही म्हणून त्यांनी त्याला हळूच स्पर्श केला. या वेळी काही बिघडलं नाही, तसे ते सुटकेनं हसले.

"याला म्हणतात हात," ते म्हणाले.

"तो दादांचा," शिंपीकाका म्हणाले. "त्यांची आमची काय बरोबरी. आमच्या वाडग्यांना एकच गती." त्यांनी साठवणीच्या खोलीतल्या मोठ्या पिंपाकडे बोट दाखवलं. "बिघडलेली भांडी वाळली की त्यात टाकायची, की पुन्हा माती. माझी निम्मी कारकीर्द त्या पिंपात समाधिस्थ आहे."

मावशी खोलीत जाऊन आल्या. मास्तर मागोमाग गेले आणि पिंपापाशी घसरता घसरता वाचले. पिंप काठोकाठ भरलं होतं, झाकणाखालून पाणी पाझरून फरशीवर थारोळं झालं होतं.

मग मावशींनी एकेकाला बोलावलं.

"तुम्ही त्या घड्याची चेष्टा करायचात म्हणे," त्या शिंपीकाकांना म्हणाल्या.

"करायचो. सासुरवाशिणीनं सासऱ्याला भ्यावं तशी ताई त्या घड्याला भ्यायची. पण चेष्टा करणं वेगळं आणि चोरणं वेगळं. मला तो घेऊन करायचंय काय? बटणं ठेवू त्यात?"

"दादांविषयी काय मत?"

"देवमाणूस. कलादालनात त्यांचा तांबडा घडा ठेवलाय, दारातून शिरलं की समोरच. त्या एका घड्यानं त्यांचं नाव झालं. पुन्हा तसा जमला नाही, असं स्वतःच सांगतात. एवढा मोकळा माणूस."

नंतर नर्स आली. रुग्णालयातल्या पाळीवरून ती थेट वर्गाला आली होती.

"माझं ताईंशी भांडण झालं होतं, लपवत नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, भाजू नका. इतकी वर्षं टिकलाय, भट्टीत गेला आणि तडकला तर तुम्ही स्वतःला माफ करणार नाही. पण वाचवण्यासाठीसुद्धा मी तो पळवला नाही. कुठे ठेवणार होते?"

"दादा काय म्हणाले तेव्हा?"

"ते म्हणाले, माझ्या भट्टीत भाजून आणतो, ती मोठी आहे, आच नीट लागते. आत्ताच नेतो म्हणाले. ताई म्हणाल्या, आधी खेळ, मग भट्टी."

"आज ताईंच्याही डोळ्यांवर पट्टी का? पंच कोण होतं?"

"पंच त्याच असतात. आज दादा हसून म्हणाले, गुरूला सूट का? मग आम्हीही आग्रह केला."

शेवटी दादा आले. पिकलेले केस, रुंद शांत पंजे. ताईच्या वडिलांकडे ते पोरवयात कामाला लागले आणि घरचेच झाले.

"माझं चाक खोलीच्या दाराला लागून आहे, हे मीच सांगतो," ते म्हणाले. "पण मी उठलो नाही. पावलं वगैरे काही ऐकली नाहीत. मावशी, हे पोलिसांपर्यंत नेऊ नका. घरचंच कोणीतरी असणार. छोटीला त्रास होईल." ताईला ते छोटी म्हणत.

"तिचे वडील गेले तेव्हा त्यांच्या मातीकामाच्या कारखान्याची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे. छोटी तापानं फणफणली होती. सगळं मीच आवरलं."

मावशींनी मान हलवली. "सगळ्यांना खोलीत बोलवा. आणि मास्तर, एक पेला पाणी."

सगळे पिंपाभोवती उभे राहिले. मावशींनी फळीवरून वाळलेल्या कच्च्या मातीचा एक तुकडा उचलला आणि पेल्यात सोडला. बुडबुडे आले. बघता बघता तुकड्याच्या कडा गळाल्या, तो भुगा होऊन तळाशी बसला. आवाज काही झाला नाही.

मास्तरांनी पेल्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे. "म्हणजे घडा बाहेर गेलाच नाही."

"कडी आतून, गजांच्या खिडक्या, रिकाम्या पिशव्या. कुठून जाणार? तो इथेच होता, पण सगळे घडा शोधत होते. पिंप मघाशी सांडलं ते आपोआप नव्हे, आत काहीतरी मोठं गेलं म्हणून. हात घाला, मास्तर. तळाशी."

मास्तरांनी बाही वर सरकवली. करड्या गाळाखालून त्यांची मूठ वर आली तेव्हा तिच्यातून तांबडा चिखल ओघळत होता.

ताईनं भिंतीला पाठ टेकली.

"आता प्रश्न असा," मावशी म्हणाल्या, "की विरघळवला कशासाठी? चोराला वस्तू हवी असते. नुसता राग असेल तर माणूस वस्तू फोडतो, हातून पडली म्हणायचीही सोय असते. पण फोडली तर तुकडे उरतात. आणि तुकड्याच्या आतल्या रेघा वाचता येतात. इथे कोणाला तरी घड्याच्या आतल्या अंगाची भीती होती. पुढच्या आठवड्यात ताई त्यात हात घालणार होती. डावखुऱ्या माणसाच्या चाकावरच्या रेघा उलट चढायला हव्यात. या घड्यात त्या सुलट असणार होत्या."

"म्हणजे तो बाबांचा नव्हता?" ताईचा आवाज अगदी बारीक झाला.

"नव्हता. बाहेरून हुबेहूब, आतून दुसऱ्याचा. बाबांच्या घाटावर, बाबांच्या मातीत इतका बेमालूम घडा कोण करू शकतं? शिंपीकाका? त्यांचा वाडगा अजून उभा राहत नाही. नर्सबाईंचा चिखलात बुडालाय. दोघांचे वाडगे ओले आणि चाकाला चिकटलेले, म्हणजे आजचेच. मास्तर, तिसऱ्याला तुम्ही बोट लावलंत तेव्हा काय झालं?"

"काहीच नाही." मास्तर थांबले. "रुतलं नाही बोट."

"कारण तो आज केलेलाच नाही. आधीच करून, थोडा वाळवून आणलेला. चाकावर पाण्यानं टेकवलाय, उचलला तर हातात येईल. मघाशी पिशव्या उलट्या केल्या तेव्हा त्या रिकाम्या होत्या, पण येताना एक रिकामी नव्हती. पट्टी सरकवायची, चाक फिरतं ठेवायचं म्हणजे घरघर चालू राहील, चार पावलं आत, घडा पिंपात, पुन्हा जागेवर. त्यासाठी ताईचे डोळे बांधलेले हवेत, ते हसत हसत बांधून घेतले. त्याआधी घडा आपल्या भट्टीत न्यायचं पाहिलं होतं, ते जमलं नाही. एरवी साठवणीच्या खोलीची किल्ली ताईकडे असते, म्हणजे वर्ग चालू असतानाच काय ते करायला हवं होतं."

शिंपीकाकांनी उगाच खिशातली टेप काढली आणि परत ठेवली.

"मग बाबांचा घडा कुठे गेला?" नर्सनं विचारलं.

"तो भाजला गेला, आणि छान भाजला गेला. कलादालनात दारातून शिरलं की समोरच आहे. पुन्हा तसा जमला नाही, ते खरंच आहे. जमणार कसा?"

ताई दादांकडे बघत होती. "दादा, तू सांग ना. सांग की नाही म्हणून."

दादांचे रुंद पंजे एकमेकांत गुंतले. "तू तापात होतीस. घडा फळीवर होता. मी नुसता भाजणार होतो, छोटी, तुझ्यासाठीच. भट्टीतून निघाला तेव्हा एक पाहुणा आला होता. त्यानं विचारलं, तुमचा? आणि माझ्या तोंडून हो गेलं. आयुष्यभर गुरूची माती मळली होती मी. एकदा कोणीतरी विचारलं होतं."

"आणि मग माझ्यासाठी दुसरा केलास."

"फळी रिकामी दिसली असती."

"कलादालनात मला तूच घेऊन गेला होतास," ताई म्हणाली. ती शब्द चाचपत बोलत होती. "मी त्या घड्यासमोर उभी राहून रडले. म्हटलं, दादा, बाबांचा हात तुझ्यात उतरलाय. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. आणि घरी येऊन मी तुझ्या घड्यावरची धूळ पुसत राहिले. इतकी वर्षं. श्वाससुद्धा जपून घ्यायचे त्याच्याजवळ."

"रोज सांगावंसं वाटायचं."

"नाही. वाटलं असतं तर पुढच्या आठवड्यात मी हात घालेपर्यंत थांबला असतास. तू तो पुसून टाकलास."

मावशींनी मास्तरांना खूण केली. पुढचं बोलणं त्यांचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलादालन उघडायच्या वेळेला ताई पायरीवर उभी होती. तिनं मावशींना आणि मास्तरांना बोलावलं होतं. दादांनाही. ते आले. तिथल्या अधिकारी बाई दादांना ओळखत होत्या, त्यांनी लगबगीनं पुढे होऊन काचेचं झाकण काढवलं.

ताईनं बाही वर केली आणि हात आत घातला. बराच वेळ ती तशीच उभी होती, डोळे मिटून. मग हात बाहेर काढून ती अधिकारी बाईंना म्हणाली, "या पाटीवरचं नाव बदलायचंय. का, ते हे सांगतील."

दादांनी सांगितलं. खाली मान घालून, पण सगळं सांगितलं.

बाहेर पायऱ्या उतरताना ते तिच्या मागून आले. "छोटी, थोडं बोलायचं होतं."

ताई थांबली. वळून तिनं त्यांच्याकडे पाहिलं, अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं, अदबीनं.

"तुम्ही निघा आता," ती म्हणाली. "ऊन वाढतंय."

त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा पडला तेव्हा कुठे मास्तरांना कळलं की कालपर्यंत ती त्यांना 'तू' म्हणत होती.