शुक्रवारचे सदरे

दर शुक्रवारी दुपारची नमाज आटोपली, की म्हातारी दुर्दाने हानिम मोनास्तिर शहरातल्या लष्करी तुरुंगाच्या फाटकाशी येई. हातात बोचकं असे. त्यात एक धुतलेला सदरा आणि पालक भरलेलं गरम बोरेक. पहारेकरी अबूझर ते तिच्या मुलाला, लेफ्टनंट मुश्ताकला, पोचवी आणि त्याचा मळका सदरा तिला आणून देई.

एका मंगळवारी मुश्ताकला फाशी झाली. पलटण बिथरेल, म्हणून बातमी बाहेर फुटू द्यायची नाही असा हुकूम होता. शुक्रवारी म्हातारी आली. बरा आहे ना, एवढंच तिनं विचारलं, आणि अबूझरच्या तोंडून ‘बरा आहे’ निघून गेलं.

बोरेक त्यानंच खाल्लं. ते चवदार लागलं, याचीच त्याला जास्त लाज वाटली. मुश्ताकचा मागं राहिलेला मळका सदरा त्यानं तिला दिला होता, पण पुढच्या शुक्रवारी कुठून आणायचा? तिनं आणलेला सदरा त्यानं आठवडाभर स्वतःच्या अंगात घातला आणि परत दिला. असे तीन आठवडे गेले.

चौथ्या खेपेला सदऱ्याच्या बाहीत हात घालवेना. त्यानं बोचकं न सोडताच मुश्ताकच्या रिकाम्या कोठडीत ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

पुढच्या शुक्रवारी सकाळी त्यानं दार उघडलं. फडक्यात बोरेकचा चुराही नव्हता. उंदीर असतील, तो स्वतःशी म्हणाला. पण सदरा नीट घडी घातलेला होता. कॉलर काळवंडली होती. काखेत ओल होती.

कापड कोमट होतं.

दुपारी फाटकाशी त्यानं तो सदरा तिच्या हातात दिला.

“आई, मुश्ताक राहिला नाही. महिना झाला. मी खोटं बोललो. सदरे मीच घालत होतो.”

म्हातारीनं सदरा नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “आधीच्या तिन्हींना तंबाखूचा वास होता. माझा मुलगा तंबाखू ओढत नाही.”

अबूझरला मान वर करवेना.

“हा मात्र त्याचाच आहे.” तिनं नवं बोचकं पुढं केलं. “जा पोरा, निवेल.”

तो गेला. कोठडीच्या झरोक्यातून त्यानं आत पाहिलं. चार भिंती, ऊन, बाकी काही नाही. किल्ली काढायचा धीर होईना. दोन्ही हातांत बोचकं धरून तो बंद दारापुढं तसाच उभा राहिला.

गाठ तशीच होती. बोचकं हळूहळू हलकं होत होतं.