चिंधूकाकाचं बोलावणं

शेकोटीजवळ सरका. कमलेश, तो मोबाईल खिशात टाक. ही गोष्ट नाटकातली नाही, नाटक करणाऱ्या माणसाची आहे, आणि त्या माणसाबरोबर एका पंगतीला बसून मी जेवलेलो आहे. ज्याला हसायचं असेल त्यानं आताच हसून घ्यावं.

दिवस १० जानेवारी २०२४, बुधवार. रात्री आठनंतर अमावस्या लागत होती. नाटक कंपनीतला नट जागेश्वर दुपारी मोटारसायकल काढून लाखांदूरला गेला, शिंप्याकडून कोट आणायला. काळा, जाड कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा कोट, नाटकातल्या बापाचा. शिंप्यानं तो दोन्ही बाजूंनी आत घेतला होता, कारण कोट ज्याच्या अंगावरचा तो चिंधूकाका भरदार माणूस, आणि आपला जागेश्वर म्हणजे नुसती काडी. शिंप्यानं विचारलं, जुना माणूस कुठे गेला? जागेश्वर म्हणाला, पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसात वारला. शिंप्यानं मग कोट कागदात गुंडाळून दिला.

चिंधूकाकाला तुम्ही पाहिलं असेल, पण नाव ठाऊक नसेल. त्याचं सगळं असंच झालं. बपेऱ्याकडचा माणूस, विशीच्या आत झाडीपट्टीतल्या नाटक कंपनीत आला आणि बत्तीस वर्षं राहिला. हिरो कधी झाला नाही. बाप, पाटील, हवालदार, दारुडा, आंधळा भिकारी. पोस्टरवर नाव सगळ्यात खाली, तेही कधी छापायचं राहून जायचं. पण एखादा माणूस चार दिवस नुसता बघितला की त्याची चाल, त्याचा खोकला, त्याचा आवाज हुबेहूब उचलायचा. आंधळगावात एका प्रयोगानंतर एक बाई रंगपटात आली आणि त्याचा हात सोडेना. म्हणे, माझा बाप असाच बसायचा. काका तिच्यासमोर अर्धा तास तसाच बसून राहिला.

रात्रभर लोकांचा बाप होणाऱ्या या माणसाला स्वतःचं घर मात्र नव्हतं. लग्न नाही, लेकरू नाही. कंपनीच्या ट्रकमध्ये पडद्याच्या गुंडाळीवर झोपायचा. जागेश्वर चहा पिता पिता घरच्या गोष्टी करायचा, बायको सुलोचना काय म्हणाली, सात वर्षांच्या डिंपलनं काय खोड्या केल्या. काका कान देऊन ऐकायचा.

"बलाव ना लेका एखाद दिवस घरी," तो म्हणायचा. "खाली बसून गरम भात खाईन अन् जाईन."

"बलावतो ना काका. पुढच्या टायमाले."

असे सहा हंगाम गेले. जागेश्वर वाईट माणूस नाही. घर एका खोलीचं, त्याला लाज वाटायची, एवढंच. पण पुढचा टाइम आला नाही आणि ही गोष्ट त्याला आतून खाऊ लागली. त्यात कंपनीनं काकाचीच भूमिका त्याच्या गळ्यात घातली.

प्रयोग लाखांदूरच्या अलीकडे एका गावात होता, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्तानं. गावाचं नाव सांगत नाही. आता एक समजून घ्या. हंगामात कंपनी सात-आठ नाटकं फिरवते, पाठांतराला वेळ कुणाला? विंगेत बाबूलाल प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो. तो कुजबुजतो, नट बोलतो. सवय अशी लागते की शब्द कानात पडला की तोंडातून बाहेर. मध्ये डोकं लागतच नाही.

रात्री सव्वा वाजता दुसरा अंक रंगात आला. बाप पोराला घराबाहेर काढतो तो प्रवेश. पोराचं काम भूपेंद्र करत होता. हजार-दीड हजार माणूस चादरी गुंडाळून बसलेलं, पण कुणाचा आवाज नाही. जागेश्वरच्या कानात वाक्य आलं. त्यानं हात वर केला आणि भरल्या गळ्यानं बोलला,

"या. घरी या. दार उघडंच आहे. आजच या."

भूपेंद्र बघतच राहिला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, तो बापाच्या पाया पडला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला पाझर फुटला. टाळ्या पडल्या, पडदा पडला.

बाबूलाल वही घेऊन धावत आला. "काहून रे, भलतंच काय बोलला? मी त 'निंघ माह्या घरातून' सांगून राहिलो होतो."

जागेश्वर म्हणाला, तूच तर सांगितलंस. बाबूलालनं विचारलं, कोणत्या बाजूनं ऐकलं? जागेश्वरनं उजवीकडे बोट केलं... बाबूलाल डावीकडच्या विंगेत बसला होता. उजव्या विंगेत माणूस नव्हता. दोन ट्रंका होत्या, आणि त्यांच्यावर पडद्याची गुंडाळी.

जागेश्वरनं कोट अंगातून काढून टाकला. 'घरी या' हे कुणी कुणाला म्हणायचं राहून गेलं होतं, ते त्या मांडवात फक्त त्यालाच ठाऊक होतं. बोलावणं गेलं होतं. त्याच्याच तोंडून, दीड हजार माणसांसमोर. आणि घरी सुलोचना आणि डिंपल, दोघीच.

त्यानं फोन लावला. मी येईपर्यंत दार उघडू नको, एवढंच सांगायचं होतं. एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

रिंग गेली. फोन उचलला.

पुरुषाचा आवाज होता.

"हां... बोला."

थकलेला आवाज. जेवून अंथरुणाला पाठ टेकलेल्या माणसाचा. जागेश्वरनं तो ओळखला...

तो त्याचा स्वतःचा होता.

पुढे त्याचं काम होतं की नव्हतं, कुणी थांबवलं का, त्याला काही आठवत नाही. मोटारसायकलनं घरापर्यंत नऊ किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना धान कापलेली रिकामी शेतं, वर धुकं. रस्त्यात काही दिसलं नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

गावात लाईट गेलेली. घराचं दार बंद. त्यानं ठोठावलं.

"कोन आहे?"

"मी. दार उघड."

कडी निघाली नाही.

"डिंपलची माय, मी आहो."

"तुमी त मघाच आले ना." सुलोचना दाराच्या अगदी मागे उभी होती. आवाज दबलेला. "जेवले... झोपले. मंग बाहेर कोन आहे?"

आवाजाची खूण सांगून काय उपयोग? तो आवाज आतही होता. तोंड पाहिलंस का, एवढं त्यानं कसंबसं विचारलं. नाही, ती म्हणाली. लाईट नव्हती. मोबाईलची बॅटरी लावली, तर म्हणाले, राहू दे, डोळ्यावर येते. खाली बसले. भात गरम कर म्हणाले. दोनदा मागून घेतला. मग डिंपलच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले... लय वेळ.

"पहिले डिंपलले उचल," जागेश्वर म्हणाला. "अन् मंग खाट पाह्य."

पावलं आत गेली.

मग काही नाही.

त्यानं दाराला कान लावला. श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता...

...

कडी निघाली. सुलोचना डिंपलला छातीशी धरून बाहेर आली. खाट रिकामी आहे, म्हणाली, पण गोधडी गरम आहे. आणि त्या लेकराला घेऊन ती सरळ अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

एकच खोली. एकच दार. कडी आतून लावलेली. जागेश्वर बॅटरी घेऊन आत गेला. खाटेखाली पाहिलं. चुलीजवळ पाहिलं. धानाच्या पोत्यांमागे पाहिलं. कुणी नव्हतं. "काका," त्यानं हाक मारली, हळू. माफी मागायची होती त्याला.

मागे फिरला तेव्हा उजेड दाराच्या कोपऱ्यात पडला. कुत्री पळवतात म्हणून त्या घरात चपला आतच काढतात. सुलोचनाच्या होत्या. डिंपलच्या छोट्या होत्या. त्यांच्या शेजारी तिसरा जोड, घरच्या माणसानं लावावा तसा नीट लावलेला. टायरचा तळ. डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला. भर पावसात, चूलबंद नदीच्या काठी, तोच जोड जागेश्वरनं काकाच्या पायाशी चितेच्या लाकडांवर ठेवला होता. जळताना पाहिला होता.

घरातून निघालेला माणूस चपला घालून निघतो. त्या तिथंच होत्या.