व्हा पुढे

माईंच्या घरात दुपारी कुणी बोलत नसे. रागानं नव्हे, सवयीनं. त्यांच्या नवऱ्याची, मिस्त्रींची, उभी हयात कारखान्याच्या बॉयलरवर, रात्रपाळीत गेली होती, त्यामुळे त्यांची रात्र दुपारी व्हायची. लेक रांगत होती तेव्हापासून दुपारचा सगळा कारभार खुणांनी चाले. चिमूट चोळली की मीठ दे, दोन बोटं उघडमीट केली की कात्री कुठाय. शेजारीण म्हणायची, "माई, तुमच्याकडे दुपारी आलं की मूकपटात शिरल्यासारखं वाटतं." माई हसायच्या, तेही आवाज न करता.

संध्याकाळी मात्र खिडकीखालून हाक यायची. हाक लंबूची. हा मिस्त्रींचा पाळीतला जोडीदार, ताडमाड उंच आणि डावा पाय जरा ओढत चालणारा.

"वहिनी, निघाला का मिस्त्री?"

"निघाले, निघाले. व्हा पुढे," माई ओट्यापाशी उभ्यानंच सांगायच्या. खरं तर मिस्त्री तेव्हा खाटेवर बसून बुटांच्या नाड्यांशी झुंजत असायचे. माई नेमाधर्माच्या, उपास कधी न चुकवणाऱ्या. रोजचं खोटं म्हणाल तर एवढंच. देव इतकं पोटात घालेल, असं त्या म्हणत.

एका संध्याकाळी भर पावसात लंबू असाच पुढे झाला आणि वाटेवरच्या झाडाखाली मिस्त्रींची वाट बघताबघता कोसळला. मिस्त्री नाड्या बांधून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून मिस्त्रींची झोप गेली. कामावर जाणं सुटलं, औषधं पालटून झाली. डॉक्टरांनी माईंना बाजूला घेऊन सांगितलं, "हृदय थकलंय. झोप लागली तरच निभावेल, नाहीतर मी काय करणार?"

लेक सासरहून आली ती एक छोटा स्पीकर घेऊनच. "बाबा, यात समुद्र आहे, नदी आहे, जंगलातला पाऊस आहे. लोक हे लावून झोपतात."

"पाऊस ऐकायला यंत्र? उद्या उन्हासाठीही आणशील," मिस्त्री पुटपुटले. पण पाऊस सुरू झाला, पानांवर थेंब पडू लागले, आणि बघताबघता मिस्त्री घोरू लागले. माईंचे डोळे भरून आले. त्यांनी देवापुढे हात जोडले आणि नेम धरला, की यांना पुरतं बरं वाटेपर्यंत पाऊस चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही.

मिस्त्रींच्या गालांवर रंग आला. ते दोन घास जास्त जेवू लागले. माई खाटेजवळ बसून मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायच्या, पाऊस ऐकायच्या. आणि असंच ऐकताना एका दुपारी त्यांना पावसाच्या आत पावलं ऐकू आली. चिखलात एक पाऊल रुतायचं, दुसरं फरफटत यायचं.

त्यांनी खुणेनं लेकीला बोलावलं. तिनं स्पीकरला कान लावला आणि मान हलवली. पाऊसच तर आहे, असं तिनं बोटांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माईंनी पावसाऐवजी समुद्र लावायला लावला. मिस्त्री दचकून उठले, छाती धरून घामाघूम. "पाऊस लावा गं... तोच लावा." आता काय करणार? ज्या पावसाची धास्ती, त्यावरच नवऱ्याचा जीव टिकलेला. माईंनी पाऊस लावू दिला.

पावलं रोज जवळ येत गेली. मग एकदा ती थांबली. पाऊस तेवढा पडत राहिला. खोलीत ओल्या घोंगडीसारखा वास भरला, आणि त्या स्पीकरमधून, अगदी खिडकीखालून यावी तशी हाक आली.

"वहिनी... निघाला का मिस्त्री?"

माईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. लेक शेजारीच मासिक चाळत होती, तिनं मान वर केली नाही. उत्तर मिळालं नाही तशी पावलं परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. माईंना आता नेमाचा अर्थ कळला. देवानंच आपल्या तोंडाला कुलूप घातलंय, असं त्यांना वाटलं, आणि त्या निर्धास्त झाल्या. डॉक्टरही म्हणाले, "असंच चालू द्या, या महिन्यात फिरायला लागतील."

त्या दुपारी लेक औषधं आणायला गेली होती. गॅसवर दूध होतं. ते वर आल्याचा वास येताच माई खाटेपासून उठून धावल्या, पदरानं पातेलं उतरवलं, हात भाजला, दूध ओट्यावरून खाली ओघळू लागलं. हातात फडकं, जीव त्या दुधात...

"वहिनी, निघाला का मिस्त्री?"

"निघाले, निघाले. व्हा पुढे."

आपलाच आवाज कानांवर पडला आणि माई फडकं टाकून खोलीकडे धावल्या.

खोलीत मिस्त्री शांत पडले होते, पोटावर हात जुळवून. पांघरूण पायांवरून सरकलेलं. पायांत बूट होते. नाड्या घट्ट, सारख्या बांधलेल्या. स्पीकरमधून पाऊस येत होता आणि पावसात दोन माणसं चालत लांब जात होती. एक जण पाय ओढत होता.

जन्मभराचं ते खोटं त्या दिवशी खरं झालं.

दिवसकार्य आटोपलं. स्पीकर कपाटात कपड्यांखाली गेला, त्यातली बॅटरी केव्हाच संपली. माईंनी मात्र दुपारचं मौन सोडलं नाही. लेकीला वाटलं, दुःखानं. लंबूचं काहीच माईंनी तिला सांगितलं नव्हतं. आधीच बापाविना झालेल्या पोरीच्या मनाला आणखी घोर कशाला? देव आहे, निभेल, एवढंच त्या मनाशी म्हणत.

एका दुपारी बाहेर लख्ख ऊन होतं. लेक स्वयंपाकघरात कणीक मळत होती. माई मिस्त्रींच्या खाटेवर पाय खाली सोडून बसल्या होत्या. कपाटात पाऊस लागला.

माईंनी आधीच तोंडावर हात ठेवला. पावलं आली, थांबली.

"अगं... निघालीस का?"

किती मायेचा आवाज. माईंचे डोळे वाहू लागले, पण हात हलला नाही.

स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, कामात गुंतलेल्या माणसाचा असतो तसा.

"निघाली, निघाली. व्हा पुढे, बाबा."

परात खाली पडल्याचा आवाज झाला. मग लेकीची हाक, अगदी हलकी. "आई...?"

माईंनी खाली पाहिलं. घरात कधी चपला न घालणाऱ्या त्यांच्या पायांत चपला होत्या, आणि चपलांना ओला चिखल लागलेला होता.