माधवीबाईंचं औक्षण

तो फोटो टेबलावर आला आणि हिम्मतरावांचं डोकं सणकलं.

नल्लकुंट्याच्या सरकारी शाळेतल्या माधवीबाई हातात ताम्हण घेऊन कमरेतून वाकलेल्या. समोर नगरसेवकपदाचा उमेदवार विकास. पक्षाचा पंचा डोक्यावर, नजर थेट कॅमेऱ्यात, उजवा खांदा पुढे आलेला. खाली मजकूर, 'शिक्षकांचा आशीर्वाद विकासभाऊंनाच.' फोटो फोनाफोनांत फिरला आणि बाई निलंबित झाल्या. सरकारी नोकराने प्रचार करायचा नाही, नियम साफ होता. आरोप शाबित झाला तर नोकरी जाणार होती, आणि बाईंचं घर त्याच पगारावर चालत होतं.

चौकशी शिक्षण खात्यातल्या हिम्मतरावांकडे होती. गौलीगुड्याच्या मराठी वस्तीतला माणूस, तापट म्हणून कचेरीभर प्रसिद्ध. त्यांनी बाईंना समोर बसवलं.

"प्रचाराला गेला होतात?"

"नाही."

"मग फोटो कुठला? काढला कोणी?"

माधवीबाई खाली बघत राहिल्या. अशा गप्प बसणाऱ्यांचा हिम्मतरावांना भयंकर राग येई. त्यांनी विकासलाही बोलावून घेतलं. तो हसतच आला. गल्लीत प्रचार करत होतो, या अक्का दारात आल्या, त्यांनी ओवाळलं, असं त्याने बिनदिक्कत सांगितलं.

"आणि फोटो?"

"अपोजिशनवाल्यांनी काढला असेल. लाइट घ्या ना, अंकल, मनावर काय घेता."

हिम्मतरावांनी फोटो त्याच्यासमोर आपटला.

"विरोधक तुला आशीर्वादाचा मजकूर लिहून देतात होय? दारात ओवाळतात तेव्हा उमेदवार उभा असतो, पंचा गळ्यात असतो. इथे बाई एवढ्या वाकल्यात, म्हणजे तू खाली बसला होतास. वर डोकं झाकलेलं. टोपी सापडली नाही की आपल्यात हाताला येईल ते डोक्यावर घेतात. पाटावर बसवून, डोकं झाकायला लावून बाई कोणाला ओवाळते रे? ही भाऊबीज आहे. या तुझ्या सख्ख्या अक्का आहेत."

विकासचं हसू मावळलं.

"तुझा उजवा हात कॅमेऱ्याकडे गेलाय. फोन तूच धरला होतास. बहिणीने ओवाळलं म्हणून कोण मत देणार? शाळेतल्या बाईंनी ओवाळलं म्हटलं की गल्ली भुलते. नातं लपवलंस आणि फोटो पसरवलास. आता तसं लिहून दे."

विकासने बहिणीकडे बघितलं. "अक्का, मतदान होऊ दे. आत्ता लिहिलं तर मी पडतो."

माधवीबाई आजवर त्याच्यासाठीच गप्प होत्या. आता त्यांनी मान वर केली.

"साहेब, तो नाही लिहिणार. मी लिहिते," त्या म्हणाल्या. "तू पडलास तर पड, विकास. मी तुला माझ्या घरात ओवाळलं होतं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हिम्मतरावांकडे पेन मागितलं.